चोविसाचा पाचवा फाऊल

"चोवीस, तिसरा."

"तिसरा. खांद्यानं ढकललं त्यानं."

"कशानं ढकललं ते मी विचारलं नाही, मिसेस स्लोन. नंबर आणि कितवा, एवढंच बोलायचं."

"नंबर सांगिटलाच की, साहेब. खांदा वर फुकट दिला."

फोगेलसाहेबांनी चष्म्याच्या वरनं तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा वहीत मान घातली. हाफटाइमला अजून तीन मिनिटं होती. कॅन्सस सिटीच्या त्या अवाढव्य हॉलमध्ये नऊ हजार माणसं घसा फाडून ओरडत होती, आणि मैदानाच्या कडेला, बरोबर मधोमध, लांबट टेबलाशी ही दोघं शाळेतल्या पोरांनी पाढे म्हणावेत तशी नंबर म्हणत बसली होती.

देशातल्या लहान कॉलेजांची ती बास्केटबॉलची स्पर्धा. साल बहात्तर, महिना मार्च. सोमवारी बत्तीस संघ आले, शनिवारपर्यंत तीस घरी गेले. उरले दोन. एक ओक्लाहोमाच्या सपाटीवरचं सॉल्ट प्लेन्स, आणि दुसरं आमचं, केंटकीच्या डोंगरातलं पॉपलर फोर्क. चारशे पोरांचं कॉलेज, एक रस्ता, एक ओढा, दोन चर्चं आणि खाण. आमच्याकडनं देशाला कोळसा जायचा. देशाकडनं आमच्याकडं परत काही यायचं नाही. त्या शनिवारी पहिल्यांदा काहीतरी यायची वेळ आली होती.

ओलिटा स्लोन आमची वहीवाली, सामन्यातले गुण आणि फाऊल लिहिणारी. वय चोपन्न, अंगानं आडवी, केसांच्या बुचड्यात सुताराच्या दोन पेन्सिली खोचलेल्या. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात ती रोज एकशे ऐंशी पोरांचं जेवण रांधायची. नवरा बर्ल खाणीतनं खोकला घेऊन आला आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसला तो बसलाच. लेकरू नाही. लहानपणी तिच्या बापाच्या घरी रेडिओ होता, आणि सगळी आळी रात्री सामना ऐकायला गोळा व्हायची. रेडिओवाला बोलायचा, आणि ही पोर पिठाच्या पिशवीचा कागद उसवून त्यावर रेघा मारायची; कुणी किती बास्केट घातल्या, कुणाचे किती फाऊल. दुसऱ्या दिवशी खाणीत जायच्या आधी लोक तिच्याकडं येऊन भांडणं मिटवायचे. "ओलिटेच्या कागदावर काय हाय?" म्हटलं की संपलं.

मोठी झाल्यावर ती बाकावर बसून सामने बघायची, हातात विणकाम. एकदा कॉलेजच्या वहीवाल्याला ऐन सामन्याच्या दिवशी अपेंडिक्स झालं. जुने कोच मैदानाच्या मधे उभे राहून ओरडले, "कुणाला लिवता येतंय का रं?" ही उतरली. अंगाला कांद्याचा वास. तेव्हापासून एकोणीस वर्षं टेबल तिचं.

आता टेबलाच्या दोन रीती सांगितल्या पाहिजेत, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरलं.

पहिली रीत अशी. शिट्टी वाजली की पंच टेबलासमोर येतो आणि ज्यानं फाऊल केला त्याच्या पाठीवरचा नंबर बोटांनी दाखवतो. कॉलेजच्या खेळात पाठीवर सहा, सात, आठ, नऊ हे आकडे चालतच नाहीत; पंचाच्या हाताला पाचच बोटं, दाखवणार कसा? तर पंच दाखवतो, मुख्य वहीवाला, म्हणजे इथं फोगेलसाहेब, मोठ्यानं बोलतो, आणि शेजारी बसलेला संघाचा वहीवाला तेच पुन्हा बोलतो. पुन्हा बोलला म्हणजे दोन्ही वह्या जुळल्या. वादाला जागा नको, कारण एका पोराचे पाच फाऊल भरले की तो बाहेर, त्या सामन्यात पुन्हा पाय टाकायचा नाही. सॉल्ट प्लेन्सवाल्यांनी टेबलावर माणूस बसवलाच नव्हता. त्यांचा मदतनीस कोच बाकावरनंच माइकवरचं ऐकून लिहायचा. म्हणजे टेबलावर वह्या दोनच. फोगेलसाहेबांची आणि ओलिटाची.

दुसरी रीत म्हणजे टेबलावर बसलेल्यानं टाळी वाजवायची नाही. ओरडायचं नाही, उठायचं नाही, 'अरं देवा' सुद्धा म्हणायचं नाही. टेबलाला गाव नसतं. ओलिटानं एकोणीस वर्षांत आपल्याच पोरांसाठी एकदाही टाळी वाजवली नव्हती. गावात बायका तिला हसायच्या. "मेलेल्या कोंबडीगत बसती," म्हणायच्या.

आणि चोवीस नंबर म्हणजे डॉयल कॉडिल. आमचा सगळा संघ एका बाजूला आणि डॉयल एका बाजूला. त्याची आई ओमा ही ओलिटाबरोबर त्याच स्वयंपाकघरात, त्याच चुलीशी, अकरा वर्षं उभी. डॉयल शाळेत होता तेव्हा दुपारची घंटा झाली की पहिल्यांदा मागच्या दारानं स्वयंपाकघरात यायचा, ताकात मक्याची भाकर कुस्करून खायचा आणि मग पुढच्या दारानं जाऊन पुन्हा रांगेत उभा राहायचा. ओलिटाला मावशी म्हणायचा. तसं सगळा संघच तिला मावशी म्हणायचा, पण त्याचं म्हणणं भाकरीतनं आलेलं. पोरगं गुणी, पण हात लई चपळ. नको तिथं जायचा हात.

आठवडाभर त्यानं चार सामने ओढून आणले होते. गावात दुकानं अर्धवट उघडी, खाणीच्या पाळ्या बदललेल्या, माणसं रेडिओभोवती. आमच्या गावच्या स्टेशननं स्वतःचा बोलणारा माणूस कॅन्सस सिटीला धाडला होता. ओमाला काही येता आलं नाही. मागं धाकट्या दोघी होत्या. ती रेडिओपाशी. मी आलो होतो पोरांच्या बसमधनं, टेबलाच्या मागं तिसऱ्या बाकावर. ओलिटाची मान आणि तिची वही मला तिथनं दिसत होती.

दुसऱ्या अर्ध्यात डॉयलला चौथा फाऊल मिळाला तेव्हा घड्याळात दहा मिनिटं उरली होती. "चोवीस, चौथा." "चौथा." ओलिटाचा आवाज नेहमीसारखाच, कोरडा. आमचे कोच प्रेटर यांनी त्याला दोन मिनिटं बाकावर बसवला. तेवढ्यात सॉल्ट प्लेन्सनं सहा गुणांची आघाडी घेतली. मग काय करता, घातला परत. तो आत गेला आणि चार गुण भरून निघाले. अठ्ठावन्न आमचे, साठ त्यांचे.

सहा मिनिटं चाळीस सेकंद उरले होते. सॉल्ट प्लेन्सचा एक लांबडा पोरगा बास्केटखाली उडाला. त्याच्याभोवती आमचे तिघं. चेंडू कुठं, हात कुठं, काही कळेना. शिट्टी वाजली. लांबडा पोरगा कोपर धरून खाली बसला.

डॉयल आमच्या बाकाकडं चालायला लागला. दोन पावलं. त्याला ठाऊक होतं.

पंच पळत टेबलासमोर आला. तोंडानं काहीतरी ओरडला, पण त्या कल्लोळात त्याचं त्याला तरी ऐकू गेलं असेल का नसेल. त्यानं दोन्ही हात वर केले. एका हाताची दोन बोटं, दुसऱ्याची चार. उजवा-डावा त्यानं उलटा धरला. टेबलाकडनं वाचलं तर दोन-चार नाही, चार-दोन.

"बेचाळीस, दुसरा," फोगेलसाहेब म्हणाले.

शेजारच्या माइकवाल्यानं तेच उचललं. "फाऊल, पॉपलर फोर्क, नंबर बेचाळीस."

बेचाळीस म्हणजे आमचा हर्शेल. तो दोन हात लांब, हात खाली सोडून उभा होता. माइकवर आपला नंबर ऐकून त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मग हळूच हात वर केला. त्या काळी ज्यानं फाऊल केला त्यानं हात वर करायचा असायचा. हर्शेल तसा चर्चमध्ये गाणारा पोरगा. पण हात वर केला. डॉयल चालता चालता थांबला, वळला आणि काही झालंच नाही असा रांगेत जाऊन उभा राहिला.

"मिसेस स्लोन? बेचाळीस, दुसरा."

ओलिटाचा हात तोवर चालून गेला होता. डोळ्यानं बघितलं आणि हातानं लिहिलं, मधे डोकं नव्हतंच. तिच्या वहीत चोवीसच्या ओळीत फाऊलचे पाच खण असतात, त्यातला पाचवा तिनं कधीच खोडला होता. जाड पेन्सिलीची तिरकी रेघ. मला ती मागनं दिसली.

"मिसेस स्लोन."

"हं," ती म्हणाली.

एकोणीस वर्षांत तिनं 'हं' असं कधी म्हटलं नव्हतं. नंबर म्हणायचा असतो. पण फोगेलसाहेबांना तेवढं पुरलं. त्यांनी लिहिलं. ओलिटानं डावा हात उचलला आणि तळवा वहीवर ठेवला, चोवीसच्या फाऊलच्या खणांवर. जणू वारा सुटलाय आणि पान उडेल.

तिला बोलायला एक वाक्य पुरलं असतं. 'त्यो बेचाळीस न्हाई, चोवीस हाय.' झालं असतं. डॉयल बाहेर, उरलेली साडेसहा मिनिटं त्याच्याविना. आमच्यातल्या कुणालाही विचारा, डॉयलविना सॉल्ट प्लेन्सपुढं आम्ही म्हणजे पावसात उभी केलेली मिठाची पिशवी.

लांबड्यानं दोन्ही फ्री थ्रो घातले. बासष्ट त्यांचे.

चेंडू आमच्याकडं. डॉयलनं मधनं घुसून, अंगावरच्या दोघांना हुलकावणी देऊन, बास्केट केली. साठ. आमचा सगळा कोपरा उभा राहिला. ओलिटानं उजव्या हातानं त्याच्यापुढं दोन गुण मांडले. डावा तळवा तिथंच. मानेवर घामाचा ओघळ.

चेंडू बाहेर गेला. पाच पन्नास. फोगेलसाहेब वहीतनं वर न बघता म्हणाले, "जुळतंय ना सगळं?"

"चालू द्या," ती म्हणाली.

हे काही उत्तर नव्हे. पण त्यांना घाई होती.

मी आमच्या बाकाकडं बघितलं. कोच प्रेटर खुर्चीच्या कडेवर टेकले होते आणि खेळाकडं बघतच नव्हते. ओलिटाकडं बघत होते. तिनं एकदा मान वर केली तशी त्यांनी मांडीवर हात ठेवून चार बोटं पसरली, आणि अंगठा आत दुमडला. चार. ती विचारणा होती का हुकूम होता, ते मला त्या वेळी कळलं नाही. तिनं मान खाली घातली.

म्हणजे ठाऊक असलेले आता चार झाले. डॉयल, हर्शेल, कोच आणि ती. आणि मी धरला तर पाच. तिला सोडून आमच्या चौघांपैकी कुणालाही कुणी काही विचारणार नव्हतं. नोंद तिच्या एकटीच्या हाताखाली होती.

पाच मिनिटं पाच सेकंद. डॉयलनं लांबनं, एक पाय हवेत, चेंडू फेकला. बास्केट. बासष्ट-बासष्ट. आमच्यातली एक म्हातारी रडायलाच लागली. हॉल दणाणला, टेबलावरचं पाण्याचं भांडं थरथरलं. सॉल्ट प्लेन्सच्या कोचनं टाइमआउट मागितला. भोंगा वाजला. घड्याळ चार बावन्नवर थांबलं.

टाइमआउटमध्ये वह्या नंबरवार जुळवायच्या ही सुद्धा टेबलाची रीतच. फोगेलसाहेबांनी टोपण काढून पेन हातात घेतलं.

"पॉपलर फोर्क. दहा?"

"एक."

"बारा?"

"दोन."

"चौदा?"

"तीन."

"चोवीस? माझ्याकडं चार."

तिचा तळवा वहीवरच होता.

"मिसेस स्लोन, चोवीस. चार?"

पुढं गावात पुष्कळांनी तिला विचारलं, की बाई, त्या वेळी तुला नेमकं काय आठवलं? पाद्री आठवला का बाप आठवला? ती म्हणायची, "कुनी आटवलं न्हाई. त्यानं इचारलं. न इचारता गप बसता येतं, म्या बसलेच की. इचारल्यावर खोटं बोलायचं तर त्याला तोंड निराळं लागतं. त्ये माझ्याकडं न्हाई."

तिनं वहीवरचा तळवा उचलला.

"पाच," ती म्हणाली.

"माझ्याकडं चार आहेत."

"तुमच्याकडं चुकलंय, साहेब. सहा चाळीसला पंचानं हात उलटं धरलं. बेचाळीस न्हाई, चोवीस. तुमच्याकडं बेचाळीसचा एक जादा हाय बघा."

फोगेलसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. पुन्हा काढलं. मग भोंगा वाजवला.

पंच आला. फोगेलसाहेबांनी दोन्ही वह्या त्याच्यापुढं सरकवल्या.

"सहा चाळीसचा फाऊल कुणाचा होता?"

"चोवीसचा," पंच म्हणाला. "चोवीसच दाखवला मी."

"तुम्ही बेचाळीस दाखवलात."

"मी चोवीस म्हणालो!"

"म्हणाला असाल. बोटं बेचाळीस होती."

पंच लाल झाला. त्याला राग काढायला जागा हवी होती, ती ओलिटात सापडली. "बाई, तुम्हांला तेव्हाच माहीत होतं?"

"व्हय."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"आता बोलतीया."

सॉल्ट प्लेन्सचा कोच तोवर येऊन पोचला होता. ठेंगणा, जाड मानेचा माणूस. त्यानं सगळं एका दमात समजून घेतलं आणि टेबलावर दोन्ही मुठी टेकल्या. "दोन बास्केट घालून झाल्यावर याद आली काय वो बाई तुमाले? ते चार गुण काय आता तुमच्या घरी नेऊन ठेवता?"

"गुण राहतील," पंच म्हणाला. "कळलं तेव्हापासून खेळाडू बाहेर. मागचं मोडत नाही."

"वा रे न्याय!"

माइकवाल्यानं घसा साफ केला. "दुरुस्ती. सहा चाळीसचा फाऊल, पॉपलर फोर्क, नंबर चोवीस. त्याचा पाचवा."

आधी आमच्या कोपऱ्याला समजलंच नाही. मग समजलं. असा आवाज मी खाणीच्या तोंडाशी एकदाच ऐकलाय, छत बसल्याचा भोंगा झाला तेव्हा. मग कुणीतरी ओरडलं, "आपलीच हाय गं ती! आपलीच बाई!"

डॉयल टेबलापुढनं जाताना थांबला. कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. चिडलेला नव्हता, नवल वाटलेला दिसला.

"मावशे," तो म्हणाला, "आनिक पाच मिनटं डुलकी काडली असतीस तर काय आबाळ पडलं असतं व्हय गं?"

"जा, बस जा," ती म्हणाली. "टावेल घे."

उरलेली चार मिनिटं बावन्न सेकंद मी आयुष्यात पुन्हा बघणार नाही, पण विसरणारही नाही. आम्हांला वाटलं होतं तसे आम्ही विरघळलो नाही. हर्शेल वेड्यासारखा खेळला. चर्चमधला पोरगा, पण त्या दिवशी त्याच्या अंगात काहीतरी शिरलं. प्रत्येक चेंडूवर झेप. चौसष्ट-चौसष्ट. सहासष्ट-सहासष्ट. एक मिनिट राहिलं तेव्हा अडुसष्ट त्यांचे, सदुसष्ट आमचे. आणि ओलिटा लिहीत होती. एकेक गुण, एकेक फाऊल. फोगेलसाहेब बोलायचे, ती पुन्हा बोलायची. तिच्या अंगावर मागनं मक्याच्या लाह्यांचा ओला कागद येऊन पडला, आमच्याच कुणाचा तरी. तिनं तो उचलून टेबलाखाली टाकला.

वीस सेकंद. सत्तर त्यांचे, एकोणसत्तर आमचे, चेंडू आमच्याकडं. कोच प्रेटर उभे राहून बोटानं वर्तुळं काढत होते: फिरवा, फिरवा. पोरांनी चेंडू फिरवला. आठ सेकंद. सात. अशा वेळी चेंडू कुणाकडं जायचा ते नऊ हजार माणसांना माहीत होतं, आणि तो मांडीवर टावेल घेऊन बाकावर बसला होता. चेंडू गेला हर्शेलकडं. त्यानं उडी मारली. चेंडू कड्यावर आदळला, कड्याच्या आतनं एक फेरा घेतला, आणि ज्या बाजूनं आला त्याच बाजूनं बाहेर पडला.

भोंगा.

जिंकलेल्यांसाठी शिडी आणून ठेवलेली असते. तिच्यावर चढून एकेकानं जाळीचा दोरा कापायचा, शेवटी उरलेली जाळी कोचच्या गळ्यात घालायची. शिडी आमच्यापुढनं पलीकडच्या बास्केटखाली गेली. हर्शेल मैदानावर पालथा पडला होता. डॉयलनं जाऊन त्याला काखेत धरून उठवला.

टेबलावर ओलिटानं दोन्ही वह्यांची शेवटची बेरीज ताडून बघितली आणि सही केली. फोगेलसाहेबांनी आपल्या वहीतली दुरुस्ती पुन्हा पुन्हा बघितली. बेचाळीसचा एक खोडलेला खण गिरवून काढलेला, चोवीसचा नवा खोडलेला, बाजूला आद्याक्षरं.

"अठ्ठावीस वर्षं," ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं माझ्या वहीत अंतिम सामन्याच्या पानावर खाडाखोड नव्हती."

"माझ्या बी नव्हती," ती म्हणाली.

"तुमच्या वहीत आजही नाही."

"वहीत न्हाई."

त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी पेन खिशात लावलं आणि गेले.

परतीचा रस्ता सातशे मैलांचा. बसमध्ये ओलिटाच्या शेजारची जागा रिकामी, पुढची रिकामी, मागचीही रिकामी. तिथं कुणी साथीचा रोगी बसलाय असं वाटावं. पहाटे कुठंतरी इंडियानात गाडी पेट्रोलला थांबली तेव्हा कोच प्रेटर तिच्या बाकाशी येऊन उभे राहिले.

"मावशी, म्या चार बोटं दावली हुती."

"दिसली."

"मंग?"

"मंग काय? तुमची बोटं चार हुती, वहीत रेघा पाच हुत्या."

"तसं हुतं तर सहा चाळीसलाच सांगायचं. म्या दुसरा डाव मांडला असता. टाइमआउट घेतला असता. पोरांना सावरलं असतं. तू मला दोन मिनटं आशेवर ठिवलंस, आन् मंग खड्ड्यात घातलंस."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. कोच पुढं जाऊन झोपले. पुढच्या हंगामात त्यांनी वहीसाठी दुसरा माणूस बघितला. शिक्षा म्हणून नव्हे. तिनंच वही त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली होती, कुणी न सांगता.

पण ते नंतर. आधी सोमवार आला.

सोमवारी पाच वाजता ओलिटानं स्वयंपाकघराचं दार उघडलं. ओमा आधीच आत. चुलीवर घेवड्याचं मोठं पातेलं चढलेलं, डुकराच्या चरबीचा वास सुटलेला. दोघींत एक लांब टेबल. ओमा बटाटे सोलत होती. मान वर केली नाही. ओलिटानं ॲप्रन बांधला, सुरी घेतली आणि समोरच्या बाजूनं ती पण बटाटे सोलायला लागली. अर्धं पोतं झालं. सालीशिवाय कशाचा आवाज नाही. हे मला तिथं झाडू मारणाऱ्या ल्यूथरनं सांगितलं, तो म्हणाला, "म्या तर दोघींच्या हातातल्या सुऱ्याच मोजत हुतो."

शेवटी ओमा बोलली.

"माज्या पोराला खेळातनं उटवलंस."

"व्हय."

"रेडिओवर ऐकलं म्या. त्यो मेला सांगतुया, 'आपल्याच टेबलावरच्या बाईनं'. माज्या हातात इस्त्री हुती. डॉयलच्या बापाच्या शर्टाला भोक पडलं."

ओलिटानं पुढचा बटाटा उचलला.

"खरंच मारलं हुतं का त्यानं?"

"मारलं हुतं. कोपरावर. चांगलं खणखणीत."

"त्यो म्हन्तो, लागलाच न्हाई हात."

"तुझा हाय त्यो. दुसरं काय म्हनल?"

ओमानं सोललेला बटाटा पाण्याच्या बादलीत असा टाकला की पाणी उडून ओलिटाच्या छातीवर आलं. "माजं त्येच्याबद्दल भांडान न्हाई. मारलं आसंल. लई चपळ हात हाय मेल्याचा, ठावं हाय मला. पर मंग तवाच का न्हाई बोललीस? तवा बोलली असतीस तर म्या तुला चार शिव्या हासडल्या असत्या, आट दिस अबोला धरला असता, आन् इसरले असते. तू दोन मिनटं आमच्यागत माणूस झालीस, आन् मंग येकाएकी पाद्र्याची बायको झालीस! आमच्यातली तर आमच्यातली ऱ्हायची. वहीची तर वहीची. ही मधली दोन मिनटं कुनाची गं, ओलिटे?"

ल्यूथर म्हणाला, ओलिटानं सुरी खाली ठेवली. त्याला वाटलं, ही आता रडणार. रडली नाही.

"माजी," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाच्या गळ्यात घालू? टाळी वाजवाय येत न्हाई टेबलावर, म्हून तेवडी गप बसले. त्यात बी टिकले न्हाई. त्याला माझ्याजवळ जबाब न्हाई, ओमा. तुला शिव्या द्यायच्या असत्याल तर दे. आट दिस म्हन्तीस, त्ये पंधरा कर."

"पंधरा कमी हुत्यात."

"मंग उन्हाळ्याच्या सुट्टीपतुर कर."

ओमानं नाकातनं आवाज काढला. हसू नव्हतं ते, पण शिवीही नव्हती. मग ती एकदम नाक वर करून हुंगायला लागली.

"मेले, पातेलं लागतंय! बोलत काय बसलीस, घेवडा हलीव! अकराला पोरं येत्याल."

ओलिटानं ॲप्रनला हात पुसले, लांब दांड्याचा डाव उचलला आणि तळापासून घेवडा ढवळायला लागली. पाठमोऱ्या ओमानं भाकरीसाठी मक्याचं पीठ परातीत ओतलं आणि एरवी ओलिटाकडं मागायची ते मीठ न मागता स्वतःच आणायला गेली.